समोरचा फळा

सोमवारी बाई गेल्या. परिपाठ संपला होता. मुख्याध्यापक वर्गाच्या दारात आले, त्यांनी मला व्हरांड्यात बोलावलं आणि सांगितलं. मी आत गेले. फळ्यावर वार आणि तारीख लिहायची राहिली होती, ती लिहिली. मग खोलीच्या त्या टोकाला गेले आणि तिथल्या फळ्यावरही लिहिली.

आमच्या खोलीला दोन फळे आहेत. एक पूर्वेच्या भिंतीला, एक पश्चिमेच्या. मी नोकरीला लागले त्याच्या आदल्या पावसाळ्यात शाळेची एक खोली गळायला लागली, छताचा गिलावा सुटून पडला, म्हणून तिला कुलूप लावलं आणि पहिली व दुसरी एकाच लांबट खोलीत बसवायचं ठरलं. तात्पुरतं, असं म्हणाले होते. पहिलीची मुलं पूर्वेकडे तोंड करून बसायची, दुसरीची पश्चिमेकडे. पाठीला पाठ लागून भांडणं होऊ नयेत म्हणून मधे फरशीची एक पट्टी मोकळी सोडलेली. पहिली माझी, दुसरी बाईंची. मुलं त्यांना मोठ्या बाई म्हणायची आणि मला लहान बाई. वयानं आणि अंगानंही ते बरोबरच होतं.

अशा खोलीत मुलं एकमेकांकडे पाठ करून बसतात, पण शिकवणाऱ्या दोघी समोरासमोर उभ्या असतात. बाहेरून आलेल्या माणसाच्या हे पटकन लक्षात येत नाही. मी माझ्या फळ्यापाशी उभी राहिले की आधी माझ्या मुलांचे चेहरे दिसत. त्यांच्या मागे दुसरीच्या मुलांची डोकी, चापून तेल लावलेली, भांग पाडलेली, लाल रिबिनी बांधलेली. आणि त्या सगळ्यांच्या पलीकडे, त्यांच्या फळ्यासमोर, मोठ्या बाई. त्यांनाही तिकडून मी तशीच दिसत असणार.

"सासू-सुनेलासुद्धा दिवसभर असं तोंडाकडं तोंड करून राहावं लागत नाही," त्या पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या होत्या. "बघा बाई, जमतंय का."

शाळा सोलापूरच्या पूर्व भागात. आमच्या खोलीच्या भिंतीला लागून एक कारखाना आहे, म्हणजे टॉवेल विणणाऱ्या मागांची एक शेड. शाळा भरायच्या आधीपासून माग सुरू असतात आणि शाळा सुटली तरी चालूच असतात. त्या आवाजाची इथल्या मुलांना जन्मापासून सवय. मला नव्हती. मी माढ्याकडची, शेतातल्या घरात वाढलेली. आमच्याकडे दुपारी एवढं शांत असायचं की दूरच्या रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला तरी कुणाचा ते ओळखू यायचं. त्या शांततेत मी पुस्तकं वाचली. हाताला लागेल ते वाचायची, वाणसामानाच्या पुडीचा कागदसुद्धा. डी.एड.ला असताना अध्यापन पद्धतीची पुस्तकं तर मी गोष्टीच्या पुस्तकांसारखी वाचली. कुठलीही गोष्ट पुस्तकातून शिकता येते, असाच माझा समज होता. पुठ्ठ्याची अक्षरं कापून, रंगवून, पिशवीत भरून मी सोलापूरला आले. एक खोली भाड्यानं घेतली. पहिल्या पाठाचं टाचण इतक्या वेळा लिहिलं की ते पाठ झालं.

त्या टाचणात मुलं मागे वळून बसतील असं कुठे लिहिलं नव्हतं.

आधी एक मान वळायची. मग तिच्या शेजारची. मग अख्खी ओळ गुडघ्यांवर गोल फिरून मोठ्या बाईंकडे तोंड करून बसायची. त्यांचं काही चुकत नव्हतं. तिकडे कुणाचा भाऊ होता, कुणाची बहीण होती, आणि मोठ्या बाई गोष्ट सांगत असायच्या. त्यांच्या गोष्टी पुस्तकातल्या नसत. आदल्या दिवशी गल्लीत जे घडलं असेल त्यातून त्या करायच्या. मी हातात रंगीत 'क' धरून उभी असायची आणि खोलीतल्या सगळ्या पाठी माझ्याकडे असायच्या. पहिलीच्याही आणि दुसरीच्याही.

मी आवाज चढवायची. माग तिकडून चालूच असायचे. माझा आवाज वर वर जायचा आणि कुठेतरी त्या खटखटीत मिसळून नाहीसा व्हायचा. संध्याकाळी खोलीवर येऊन मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायची. आईचा फोन आला तर हूं, हूं एवढंच म्हणायची.

इथल्या मुलांची घरची भाषा तेलुगू. मोठ्या बाईंचीही तीच. त्यांनी मला सांगितलं, "एखादं फारच वळलं तर 'इटु चूडु' म्हणा. इकडं बघ, असं होतंय." मी दुसऱ्या दिवशी म्हणून पाहिलं. माढ्याच्या तोंडातून ते कसं निघालं कोण जाणे, पोरं हसत सुटली. दुसरीच्या पोरांनीही वळून हसून घेतलं. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात सगळी एकमेकांना माझ्या आवाजात 'इटु चूडु' म्हणत होती.

तेव्हा मी मुख्याध्यापकांकडे गेले आणि खोलीत पार्टिशन बसवून मागितलं. प्लायवूडचं असलं तरी चालेल, असं मी म्हणाले.

"पार्टिशन?" ते म्हणाले. "बाई, खडू मागा. आत्ता देतो."

पण माणूस चांगला. माझा चेहरा बघून त्यांनी कोरा कागद पुढे केला. "करा अर्ज. वर पाठवतो. वरचं वर बघतील."

मी पानभर अर्ज लिहिला. अध्ययन, अध्यापन, अवधान, सगळे शब्द वापरले. खाली मोठ्या बाईंची सही घ्यावी असं सरांनी सुचवलं. बाईंनी चष्मा लावून अर्ज सावकाश वाचला.

"लई छान लिवलंय," त्या म्हणाल्या. "घ्या की माझी सही. तुमच्या ओरडण्याचा माझ्या पोरांना पण तरास होतोय."

त्या हसत म्हणाल्या होत्या. मला ते लागलं. पुढचे काही दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

मग ते गाढव झालं.

त्या दिवशी मी वजाबाकी घेत होते. तळहातावर पाच चिंचोके. ते सगळ्यांना दाखवले, मोजून घेतले. त्यातले दोन उचलून पदराआड केले. पहिल्या रांगेत एक मुलगी बसायची, पुढचे दात पडलेली. ती टक लावून माझ्याकडे बघत होती. एवढ्या दिवसांत एवढं लक्ष देऊन माझ्याकडे कुणी बघितलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी तिलाच विचारलं.

"पाचातून दोन गेले. सांग बरं, राहिलं कोण?" किती म्हणायच्या ऐवजी घाईत कोण म्हणाले.

"गाढव!" ती म्हणाली.

तिच्या शेजारचा म्हणाला, "व्हय बाई, गाढवच राहिलं." मग अख्खी पहिली 'गाढव, गाढव' म्हणायला लागली. पलीकडे मोठ्या बाईंच्या गोष्टीत सगळी जनावरं बाजार आटोपून घरी गेली होती आणि एक गाढव रस्त्यावर राहिलं होतं. दुसरीची मुलं चिडून वळली. "ए, आमची गोष्ट हाय ती! तुमची तुमी ऐका की!"

मोठ्या बाई एवढ्या हसल्या की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. त्या पदरानं डोळे पुसत होत्या आणि पुन्हा हसत होत्या. मी हसले नाही. चिंचोके डबीत भरले आणि मुलांना पाटीवर रेघा काढायला लावल्या.

मधल्या सुट्टीत मी त्यांना सांगून टाकलं, "मी दिवाळीला गावी गेले की परत येणार नाही."

"का? गाढवापायी?"

"माझ्याकडे कुणी बघतच नाही, बाई."

"बघत होती की ती. मी हितनं बघितलं." त्यांनी डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडून त्यावर शेंगाची चटणी ठेवली आणि माझ्या हातात दिला. "डोळे तुमच्याकडं, कान माझ्याकडं. म्हंजे निम्मी आली. निम्मी दिवाळीपत्तोर येती का बघू. खा आधी."

मी खाल्लं. चटणी तिखट होती, त्यामुळे डोळ्यांतल्या पाण्याचं कारण कुणाला सांगावं लागलं नाही.

त्यानंतर त्यांनी मला बसवून काही शिकवलं असं झालं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी मी शिकवत असताना माझं लक्ष गेलं तर त्या मुलांच्या डोक्यांवरून माझ्याकडे बघून ओठ हलवत होत्या. आवाज काढत नव्हत्या. मला काही कळलं नाही. मी खांदे उडवले. त्यांनी पुन्हा तेच केलं. मला वाटलं, बाईंना बरं नाही की काय.

सुट्टीत त्यांनी उलगडून सांगितलं. त्यांच्या वडिलांच्या घरी माग होते. राहतं घर आणि माग एकाच छपराखाली. तिथे कुणी कुणाला हाका मारायचं नाही. आई चुलीपासून नुसते ओठ हलवायची आणि पलीकडच्या मागावरून वडिलांना कळायचं की जेवायला या. भांडणंसुद्धा तशीच. "आमची आई बिनआवाजाच्या शिव्या देत होती," बाई म्हणाल्या. "शेजाऱ्याला ऐकू न्हाई, पण बसायच्या बरोब्बर."

"आणि मोठ्यानं बोलायचंच असेल तर?"

"मागाच्या आवाजाच्या वर चढायचं न्हाई. वर गेलेलं त्यो खातो. खालनं जायचं. हळू, जाड आवाजात. जाता येतं. बघा करून."

मी त्यांच्याकडे बघून बघून करायला लागले. त्यांच्याकडे बघणं हे मला मुद्दाम करावं लागत नव्हतं, त्या समोरच होत्या. त्या बोलताना किती कमी हलतात हे मला तेव्हा दिसलं. मी वर्गभर फिरायची. त्या एका जागी उभ्या राहायच्या आणि मुलं त्यांच्याकडे येऊन पोचल्यासारखी वाटायची. एखादा पोरगा खोड्या करत असला तर त्या गोष्ट न थांबवता चालत चालत त्याच्यापाशी जायच्या, त्याच्या डोक्यावर हात ठेवायच्या आणि उरलेली गोष्ट तिथूनच सांगायच्या. पोरगं हाताखाली गप.

ओठ वाचायला मला वेळ लागला. छापलेलं भराभर वाचणारी मी, इथे अक्षर अक्षर जुळवत होते. मी वाचलेला त्यांचा पहिला शब्द होता 'थांबा'. पुढे कितीतरी दिवस तोच एक शब्द होता. मी प्रश्न विचारायची आणि गप्प राहणं सहन न होऊन उत्तरही मीच द्यायची. समोरून ओठ हलायचे. थांबा. मी अडखळून थांबायची. मुलांच्या तोंडाकडे बघायची. आणि खरंच, उत्तर ऐकू येण्याआधी तिथे दिसायचं. भुवया वर जायच्या, ओठ जरा सुटायचे, एखादं पोर बसल्या जागी उचललं जायचं. यातलं काहीही मी आधी पाहिलं नव्हतं, कारण तोवर मी पुढचं वाक्य बोलत असायची.

हळूहळू आमच्या पाळ्या बसल्या. त्यांची गोष्ट सुरू झाली की मी माझ्या मुलांना पाटीवर लिहायला देई. माझी मुलं गाणं म्हणायला लागली की त्या दुसरीला गणितं घालत. वेळापत्रकात असं काही नव्हतं. त्या मान हलवायच्या, मग मी. आमच्याकडे गावी दोघी बाया एका उखळात कांडतात, मुसळ एकीचं खाली तेव्हा दुसरीचं वर, एकमेकींना कुणी सांगत नाही, तसं ते होतं.

तरी माना वळत होत्याच. दिवाळी जवळ येत चालली होती. मी बॅग भरून ठेवली होती.

"तुम्ही पुस्तकासारखं बोलता, त्येच्यामुळं हुतंय," एकदा त्या म्हणाल्या. "घरी आईसंगं कसं बोलता?"

"घरी कसंही बोलते."

"मग ते कसंही हितं आणा की जरा."

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी मी पुन्हा वजाबाकी घेतली. चिंचोके आणायला विसरले होते. दोन्ही हात रिकामे. मग मी आमच्या घरच्या कोंबडीचं सांगायला लागले. कोंबडी कणगीमागं जाऊन अंडी घालायची, आईला पत्ता लागू द्यायची नाही. एक दिवस आईनं वाकून बघितलं तर सात अंडी. आई म्हणाली, लई झाली की गं. आणि तेवढ्यात मांजर आलं. मांजराचं आणि आईचं मी आमच्या घरी जसं बोलतात तसंच सांगत होते, हाय आणि न्हाय आणि कुटं गेली म्हणून. ते माझ्याही लक्षात नव्हतं.

आणि वीज गेली.

पंखे थांबले. पलीकडचे माग एकामागून एक थांबले. इथे वीज गेली की आधी कान दुखल्यासारखं होतं, एवढी शांतता येते. त्या शांततेत खोलीत एकच आवाज चालू होता आणि तो माझा होता. मोठ्या बाई त्यांच्या फळ्याकडे तोंड करून गणितं लिहीत होत्या. खडूचा बारीक आवाज येत होता.

"मांजरानं चार अंडी फोडली," मी म्हणाले. "आता आई काय म्हणली आसंल?"

आणि थांबले.

माझ्या मुलांतलं एकही वळलं नव्हतं. दात पडलेल्या मुलीच्या भुवया वर गेल्या होत्या. मी तिच्यासाठी थांबून राहिले. आणि तेव्हा तिच्या मागे, मधल्या पट्टीच्या पलीकडे, तेल लावलेलं एक डोकं वळलं. मग त्याच्या शेजारचं. मग ती ओळ गुडघ्यांवर गोल फिरली. मग दुसरी ओळ.

"तीन ऱ्हायली, बाई!" दुसरीतला एक ओरडला.

"ए, आमचं गणित हाय ते!" माझी दात पडलेली मुलगी उभीच राहिली. "तुमचं तुमी करा की!"

मोठ्या बाईंनी फळ्यावरून मान वळवली. खोलीतल्या सगळ्या पाठी त्यांच्याकडे होत्या. त्यांनी त्या पाठी बघितल्या, मग माझ्याकडे बघितलं. त्यांचे ओठ हलले. थांबू नका.

मी मांजराची गोष्ट शेवटपर्यंत सांगितली. दिवाळीला गावी गेले, आईच्या हातच्या करंज्या खाल्ल्या आणि शाळा उघडायच्या आदल्या दिवशी परत आले.

"पार्टिशनचा अर्ज मागं घ्यायचा का?" बाईंनी विचारलं.

"राहू दे," मी म्हणाले. "येतंय कुठं ते."

त्यानंतरची वर्षं आठवायला गेलं की ती एकमेकांत मिसळतात. मार्चपासून सकाळची शाळा, अकरापर्यंत तापून निघालेली पत्र्याची दारं, ओल्या फडक्यानं पुसलेल्या पाट्यांचा वास, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेतून आणलेल्या पिपाण्या दप्तरातून जप्त करणं. पण एक गोष्ट दरवर्षीची वेगळी आठवते. दुसऱ्या शाळांत पहिलीतून दुसरीत जाणं म्हणजे वर्ग बदलणं. आमच्या खोलीत ते तोंड फिरवणं होतं. जूनमध्ये शाळा उघडली की पहिली पास झालेली माझी मुलं सवयीनं माझ्याकडे तोंड करून बसायची. मोठ्या बाई टाळी वाजवायच्या आणि म्हणायच्या, "चला, फिरा!" मग ती उठायची, मधली पट्टी ओलांडायची आणि पश्चिमेकडे तोंड करून बसायची. मोठी झाल्यासारखी बसायची. पहिले काही दिवस त्यांच्या माना माझ्याकडे वळायच्या. मी ओठांनीच सांगायची, तिकडं बघा. एव्हाना मुलांनाही ओठांचं कळायला लागलेलं असायचं. त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या घरांत अजून माग होते.

बाईंचा आवाज आधी बसला तेव्हा आम्ही चेष्टा केली. खडू खाऊ नका म्हणाले मी. त्यांनी लवंग चघळली, ज्येष्ठमध चघळलं. मग त्या हळू बोलायला लागल्या. मग ओठांनीच जास्त. त्यांच्या दुसरीला त्यात काही वेगळं वाटलं नाही. मोठ्या बाई अशाच, असं मुलं धरून चालली. गेल्या दिवाळीनंतर त्यांनी घशाच्या ऑपरेशनसाठी रजा घेतली.

"गड्डा झाला की येते," त्या म्हणाल्या. "तवर दोन्हींकडं बघा."

मी दोन्हींकडे बघत होते. पहिलीला काम देऊन पट्टी ओलांडून दुसरीकडे जायची, दुसरीला काम देऊन परत यायची. मी पूर्वेच्या फळ्यापाशी असले की समोर दुसरीची डोकी दिसायची, आणि त्यांच्यापुढे फळा. मुलं त्या फळ्याकडे बघत शांत बसलेली असायची. खोड्यासुद्धा करायची नाहीत.

गड्ड्याची यात्रा होऊन गेली. मी दर रविवारी त्यांच्या घरी जात होते. ऑपरेशननंतर त्यांचा आवाज आलाच नव्हता. पुण्याला नोकरी करणारा त्यांचा मुलगा सुट्टी घेऊन आला होता. त्यानं आईच्या उशाशी लिहायला कागद आणि पेन ठेवलं होतं. बाई त्याला हात लावत नव्हत्या. त्या ओठ हलवायच्या आणि तो गडबडून जायचा. "आई, लिहून दे ना गं, मला कळत नाही." बाईंच्या घरचे माग तो तान्हा असतानाच विकले होते. त्याला ते शिकायची गरज पडली नव्हती.

एका रविवारी बाईंनी मला विचारलं, कुठवर आलं?

हातच्याच्या वजाबाकीपर्यंत, मी सांगितलं.

घाई करू नका.

नाही करत.

बराच वेळ आमचं असंच चाललं होतं. मुलगा चहा घेऊन आला आणि दारातच थांबला. "ताई," तो म्हणाला, "तुमचा आवाज तर चांगला आहे की."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मीही नुसते ओठच हलवत होते. बाई हसल्या. हसण्याचाही आवाज नव्हता, पण अंग हललं, आणि त्यांनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं, गाढवाच्या दिवशी लावलं होतं तसं.

मुलगा आत गेल्यावर त्यांनी विचारलं, पोरं तुमच्याकडं बघतात का?

मी तिकडे गेले की बघतात.

आणि तुम्ही इकडं असताना?

फळ्याकडं बघत बसतात.

त्या छताकडे बघत राहिल्या. मला वाटलं झोप लागली. मग त्यांनी माझ्याकडे मान वळवली आणि सावकाश, एकेक अक्षर मला नीट दिसेल असं, म्हणाल्या, त्यांना फिरवा.

"नाही," मी म्हणाले. हे मात्र मोठ्यानं. "तुम्ही आल्यावर जूनमध्ये बघू. आता कशाला मधेच."

त्यांनी ओठ हलवले नाहीत. माझ्या हातावर हात ठेवला. खोड्या करणाऱ्या पोराच्या डोक्यावर ठेवायच्या, तसा. मी गप्प बसले. पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा त्या बराच वेळ झोपलेल्याच होत्या. त्याच्यानंतर तो सोमवार आला.

त्या दिवशी शाळा लवकर सोडली. दुसऱ्या दिवशी मुलं आली आणि आपापल्या जागी बसली. पहिली पूर्वेकडे, दुसरी पश्चिमेकडे. दुसरीच्या मुलांना घरी कळलं होतं. तरी ती तशीच बसली, फळ्याकडे बघत, हाताची घडी घालून. फळ्यावर आदल्या दिवशीची माझ्या हातची तारीख होती. मी माझ्या जागी उभी होते. पहिलीला काय शिकवायचं ते मला माहीत होतं, तोंड उघडलं की शब्द आले असते. मी समोर बघत होते. पलीकडे माग चालू होते.

शेवटी मी टाळी वाजवली. "चला," मी म्हणाले, "फिरा."

दुसरीच्या माना वळल्या. कुणी उठलं नाही. एक मुलगा, मांजराच्या दिवशी तीन ऱ्हायली म्हणणाऱ्याचा धाकटा भाऊ, माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, जून आला?"

"नाही," मी म्हणाले. "तरी फिरा."

ती उठली. पाट्या आणि दप्तरं उचलून घेतली. पट्टी ओलांडायची नव्हती, जागच्या जागीच फिरायचं होतं, पण त्यांना ते कळेना. काही जण पट्टी ओलांडून आली, पहिलीच्या मुलांत घुसली, थोडी ढकलाढकली झाली. मग सगळी बसली. त्या खोलीतले सगळे चेहरे आता एका बाजूला होते. मी हातच्याची वजाबाकी घेतली. घाई केली नाही. प्रश्न विचारला आणि थांबले.

जूनमध्ये शाळा उघडली. दुसरी तिसरीत गेली, व्हरांड्याच्या पलीकडच्या खोलीत. माझी पहिली दुसरीत आली. मी टाळीसाठी हात वर केला आणि खाली घेतला. त्यांना फिरायला दुसरी दिशा नव्हती. नवी पहिली पुढे बसवली, दुसरी तिच्या मागे. बाईंच्या जागेवर अजून कुणी आलेलं नाही.

त्याच महिन्यात एका टेम्पोतून पार्टिशन आलं. प्लायवूडचं, दोन भागांत, चाकं लावलेलं.

"बाई, तुमचा अर्ज मंजूर झाला," मुख्याध्यापक म्हणाले. मग त्यांनाच कसंनुसं झालं. "कुठं लावायचं सांगा."

"आता कशाला, सर," मी म्हणाले. "दोन्ही वर्ग मलाच बघायचे आहेत."

ते व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवलं आहे. मधल्या सुट्टीत मुलं त्याच्यामागे लपतात.

मुलं आता माझ्याकडे तोंड करून बसतात. मागे वळून बघण्यासारखं तिकडे काही नाही, त्यामुळे कुणी वळत नाही. त्यांच्या मागे पश्चिमेच्या भिंतीला फळा आहे. सकाळी मुलं यायच्या आधी मी तो पुसते आणि त्यावर वार आणि तारीख लिहिते.